तात्यांना लावलेले पंख

"पंखं आणिक जरा मोठं पायजे हुतं. म्हातारा कोंबड्यागत दिसाय लागलाय की."

कॉलेजच्या हॉलमध्ये फ्लेक्स बांधणारा माणूस शिडीवरून खालच्या सोबत्याला म्हणाला. दोघेही हसले. मी पहिल्या रांगेत माझ्या निबंधाची पानं धरून बसले होते. फ्लेक्सवरचा म्हातारा म्हणजे माझे थोरले चुलते. घरात आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांच्या पासपोर्ट फोटोला दोन्ही बाजूंनी ज्वाळांचे पंख चिकटवले होते आणि खाली लिहिलं होतं, 'महापुराच्या राखेतून उठलेला फिनिक्स'. पुराला राख कुठून येणार, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

हे सगळं माझ्यामुळे झालं होतं. एम.ए.च्या निबंधाला मी विषय घेतला होता, उद्ध्वस्त भविष्याच्या कादंबऱ्यांमधला फिनिक्स. जळून स्वतःच्याच राखेतून पुन्हा जन्मणारा पक्षी. या कादंबऱ्यांत शहरं बेचिराख झालेली असतात, मूठभर लोक राज्य करत असतात, आणि हा पक्षी कुठेतरी असतोच. कधी बंडखोरांच्या भिंतीवर, तर कधी शिपायांच्या बिल्ल्यावर. मी लिहिलं होतं की राज्यकर्त्यांना तो सोयीचा वाटतो, कारण तो आपली चिता आपणच रचतो. आग कोणी लावली हा प्रश्नच उरत नाही.

निबंध तपासणाऱ्या सरांनी ते पान वाचलं. "फार काळं झालंय," ते म्हणाले. "शेवट आशेवर कर. आपल्या पूरग्रस्तांचं एखादं उदाहरण घाल."

मी वर्गात कधी तोंड उघडत नाही, तेव्हाही उघडलं नाही. मार्क त्यांच्या हातात होते. मी तात्यांचं उदाहरण घातलं. पुरात गोठा गेला, तरी दोन म्हशी घेऊन पुन्हा उभा राहिलेला माणूस. सर इतके खूश झाले की त्यांनी तात्यांचा सत्कारच ठरवला.

जे मी लिहिलं नाही ते असं होतं. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर आजोबांनी जुन्या मोठ्या पुराची रेघ तेलरंगाने ओढून ठेवली होती. आमच्या गल्लीत घरोघरी अशी रेघ आहे, आणि लोकांचा बातम्यांपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा. पाणी चढायला लागलं तेव्हा तात्या म्हणाले, रेघेपर्यंत आलं तरी म्हशींच्या गुडघ्यालाच लागेल. सुटल्या तर पुराच्या धारेला लागतील म्हणून त्यांनी दाव्यांना दुहेरी गाठी मारल्या आणि आम्हाला घेऊन पेठ वडगावला पाहुण्यांकडे गेले.

पाणी रेघेच्या वर पुरुषभर चढलं. परतलो तेव्हा पाचही म्हशी दावणीलाच होत्या. गाठी पाण्याने आवळून दगडासारख्या झाल्या होत्या. तात्यांनी एकेक दावं विळ्याने कापलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

नव्या दोन म्हशींना ते पावसाळ्यात बांधतच नाहीत. म्हशी गल्लीभर फिरतात, लोकांच्या कुंड्या खातात. शेजारी शिव्या घालतात, तात्या खाली मान घालून ऐकतात.

सत्काराच्या आदल्या दिवशी धार काढता काढता त्यांनी मला विचारलं, "ह्यो पक्षी एकटाच असतोय व्हय?"

"हो. जगात एका वेळी एकच."

"जळतोय त्योच, आणि उठतोय बी त्योच?"

"हो, तात्या."

"मग त्येचं मेलं कोण?"

इतक्या कादंबऱ्या वाचून हा प्रश्न मला पडला नव्हता. मी म्हणाले, "तुम्ही येऊ नका उद्या. मी सांगते सरांना."

"तुझ्या मार्काचं हाय की, बाळ. शाल घ्यायला काय जातंय."

मी सरांना सांगितलं नाही.

सरांनी बेत आखला होता. मी स्टेजवरून निबंध वाचायचा, माझं शेवटचं वाक्य संपताच फ्लेक्सवर दिवे लागायचे आणि तात्यांनी स्टेजवर चढायचं. मी मान वर न करता वाचत गेले. शेवटच्या पानावर आले तसा सरांनी तात्यांना हात केला. इस्त्रीचा सदरा घातलेले तात्या उठले. कोणीतरी दिवे लवकरच लावले. टाळ्या सुरू झाल्या.

तात्या दुसऱ्या पायरीवर थांबले. फ्लेक्स त्यांनी तोवर बघितला नव्हता. पंखांकडे बघितलं, खालची ओळ ओठ हलवत वाचली, आणि कठडा घट्ट धरला. मग ते माझ्याकडे बघायला लागले. चढू का, असं विचारल्यासारखं. मी मान हलवली असती तर ते चढले असते.

टाळ्या थांबल्या. सर खुणेने वाच, वाच म्हणत होते. मी पान उलटं ठेवलं. माझा आवाज फाटला, पण माईक चालू होता.

"पुढचं वाक्य मी वाचणार नाही, सर. ते मी मार्कांसाठी लिहिलंय. तात्या, तुमी खाली बसा. पाच म्हशी मेल्यात आमच्या. त्यातली एकबी उठली न्हाय."