डावी टाच

मोटार शर्यतींवर लिहिणाऱ्यांना आम्ही दोघं गुण देतो. मी अकोल्यात, मित्र अमरावतीत. कॉलेजात एका बाकावर बसायचो तेव्हापासूनची ही खोड. शर्यत रविवारी, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर आमचा निकाल: कोणत्या ब्लॉगवाल्याने काय लिहिलं, दहापैकी किती. शर्यत कोण जिंकलं याच्याशी आम्हाला फारसं देणंघेणं नसतं.

एक इंग्रजीतला आहे. प्रत्येक फेरीचे सेकंद देतो, वाचताना पंचांग उघडल्यासारखं वाटतं. त्याला सहा, कारण तो थापा मारत नाही. एक हिंदीतला आहे, मथळ्यात आग लावतो आणि आत राखसुद्धा नसते. त्याला दोन, तेही मित्राच्या दयेने. आणि एक मराठीतला, पुण्याकडचा. हा माझा. तापलेल्या रबराचा वास, पाऊस थांबल्यावर डांबरावर रेंगाळलेली ओल, हे तो असं लिहायचा की मी ऑफिसातल्या खुर्चीत पाय आखडून घ्यायचो. त्याला मी कायम नऊ दिले. मित्र पाचाच्या वर कधी गेला नाही.

"गोड लिहिते बुवा," तो म्हणायचा, "पण याच्या अंगाले कधी माती लागली असन असं मले वाटत नाई."

मी भांडायचो. एकदा तर आठवडाभर त्याचा फोन उचलला नाही.

मागच्या हिवाळ्यात मी या लेखकाला लांबलचक मेल लिहिली, माझ्या वडिलांबद्दल. ते शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी उतरवतात. अकोटकडे पट असला की जोडी सोडायच्या आधी ते मैदानावर अनवाणी चालून येतात आणि डाव्या टाचेने जागोजागी माती दाबून बघतात. आमची काळी जमीन वरून कोरडी दिसते, आतून ओली असते. बैल तिथेच घसरतो. असं सगळं लिहिलं. उत्तर दोन शब्दांचं आलं: "सुंदर. जपतो." ते मी बायकोला दाखवलं, मित्राला वाचून दाखवलं.

त्याने खरंच जपलं. गेल्या महिन्यात त्याचा लेख आला. शर्यतीआधी चालक ट्रॅकवर पायी फेरी मारतात, त्यावर. दुसऱ्याच परिच्छेदात त्याचे आजोबा शंकरपटाच्या मैदानावर अनवाणी निघाले. डावी टाच. वरून कोरडी, आतून ओली. माझी वाक्यं जशीच्या तशी. खाली वाचकांनी त्या आजोबांना नमस्कार पाठवले होते.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्याच्यासाठी जिवाभावाच्या मित्राशी अबोला धरला, त्यानेच माझ्या घरात हात घातला, आणि दार मीच उघडून दिलं होतं. एखादी उपमा उचलली असती तर मी मिरवलं असतं. त्याने माझा बाप नेला.

मित्र हसला नाही. "पाचबी जास्तच झाले," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "बाबाले वाचून दाखव. चोरी त्यायच्या घरची झाली."

रविवारी गावी गेलो. बाबा गोठ्यात बैलांना सरकीची ढेप घालत होते. मी मोबाईल काढून सगळा लेख वाचला आणि ते भडकायची वाट पाहत उभा राहिलो.

"बरं लिहिलं," ते म्हणाले. "त्याचा आजाबी करत असन असंच. पण डावी काहून? माही डावी टाच त बधिर हाये, बैलानं पाय देल्ला तवापासून. मी उजवीनंच पायतो."

ही डावी टाच मला लिहिताना सुचली होती. त्याने नुसती उचलली होती.

बाबांनी टोपलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तू त सोबतच रायते ना रे पटाले?"

असतो. मैदानाच्या कडेला, टेम्पोत, मोबाईलवर त्याचा ब्लॉग वाचत.