राजाला घरोघरचं आवतण

जनावरांच्या दवाखान्यात पेशंट काही बोलत नाही, त्याची भरपाई सोबत आलेली माणसं करतात. झरीच्या बाजूच्या एका गावात मी सरकारी डॉक्टरीण आहे, सोबतीला आमचे परिचर शेखमामा. संध्याकाळी कुलूप लावताना औषधं संपलेली असतात, किस्से मात्र साठलेले असतात.

*

हल्ली गाईंसाठी कृत्रिम रेतनाची अशी कांडी मिळते की बहुतेक कालवडीच जन्मतात. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला विचारतं कोण? मी हे मोठ्या उत्साहाने गंगाधरकाकांना समजावत होते. गावातली शेवटची बैलजोडी त्यांचीच.

काका म्हणाले, "मॅडम, आमाला गोऱ्हा व्हईल अशी कांडी द्या." तशी कांडी आमच्याकडे येत नाही.

त्यांच्या पत्नी, कौसामावशी, गाईला धरून उभ्या होत्या. "घरात पोरगा पायजे, गोठ्यात पोरगी पायजे," त्या शांतपणे म्हणाल्या. "सून बी ऐकायलीय, गाय बी ऐकायलीय."



*

म्हातारे बैल विकता येत नाहीत आणि पोसणं झेपत नाही, म्हणून लोक ते सोडून देतात. एकदा अशा मोकाट जनावरांनी सोयाबीन फस्त केलं. गावाने मिळून ती शेजारच्या गावच्या शिवारात हाकलली. थोड्याच दिवसांत ती परत आली, तिकडची दोन जास्तीची सोबत घेऊन! मग पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे.

शेखमामा म्हणाले, "मॅडम, इनो पाव्हणे हैं. जाते-आते रहते."

शेवटी दोन्ही गावं माझ्याकडे आली. कानातले सरकारी नंबराचे बिल्ले बघा आणि कुठलं जनावर कुणाचं ते सांगा, म्हणाली. मी बघायला गेले. बिल्ले कुणीतरी आधीच कापून घेतले होते, कान तेवढे फाटलेले होते.

*

शोभाताईंच्या गाईची कास सुजली होती. मी इंजेक्शन दिलं आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, औषध दुधात उतरतं, काही दिवस दूध डेअरीला घालू नका. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे माना डोलावतात.

दुसऱ्या दिवशी गेले तर ताई भरलेली चरवी शेवग्याच्या बुडाशी ओतत होत्या. घरात दुभती गाय ती एकच.

शेजारीण म्हणाली, "अगं, डेअरीत कुनाला कळतंय?"

"त्ये दूध कुनाचं लेकरू पितंय, हे मला बी कळत न्हाई," ताई म्हणाल्या. "म्हनून तर."

तिथल्या तिथे त्यांना दंडवत घालावासा वाटला. इतकी वर्षं मी हा नियम सांगतेय, पण तो असा पाळला जाताना पहिल्यांदाच पाहिला.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळतात आणि त्यांना सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पूर्वी ज्याने त्याने आपापल्या बैलांना बोलवायचं. आता जोडी एकच, तेव्हा सगळ्या गावाने काकांच्याच जोडीला आवतण दिलं.

सकाळी काकांच्या दारात पुरणपोळीच्या ताटांची रांग लागली. जोडीतला सोन्या चोखंदळ, त्याने लवकरच तोंड फिरवलं. राजाने मात्र कुणालाच नाही म्हटलं नाही. बैल विकून ट्रॅक्टर घेतलेले आणि त्या दिवशी ट्रॅक्टरलाच झूल घालून आलेले बाळूदादाही ताट घेऊन रांगेत होते.

दुपारी राजा खाली बसला. पोट टम्म, रवंथ बंद. एवढं पुरण पोटात आंबतं आणि बैल दगावू शकतो, असं मी सांगितलं. मी नळी घालून पोट धुतलं आणि खायचा सोडा मागितला. ज्या ज्या घरातून पोळी आली होती, त्या त्या घरातून सोडा आला. काका राजाच्या तोंडाशी बसून एवढंच म्हणत होते, "आमीच घातलं रं तुला."

दिवेलागणीला मी राजाच्या डाव्या कुशीला पुन्हा स्टेथोस्कोप लावला. आधी काहीच नाही. मग लांब कुठेतरी ढग गडगडावा तसा आवाज आला. पोट चालू झालं होतं.

मी नळ्या काकांच्या कानात दिल्या. त्यांचे डोळे भरून आले. मग कौसामावशींनी ऐकलं, मग शोभाताईंनी, आणि बघता बघता सकाळचीच रांग परत लागली. म्हातारीकोतारी माणसं वाकून बैलाचं पोट ऐकत होती. देवळातसुद्धा मी माणसांना इतकं गप्प उभं राहिलेलं पाहिलं नाही.

सगळ्यांत शेवटी बाळूदादा. त्यांनी बराच वेळ नळ्या कानातून काढल्याच नाहीत.

"मॅडम, हे रोज वाजतंय?"

"धडधाकट बैलाचं रोज वाजतं."

"मंग आमच्या दावणीला बी वाजत असंल," ते म्हणाले. "एवढी वर्सं बैल व्हते. एकदा बी कान न्हाई लावला."