पगडीतल्या पुड्या

संस्थान विलीन झालं आणि आमच्या काकांचं कामच संपलं. दरबाराच्या दिवशी मानकऱ्यांना टोकदार शिंदेशाही पगड्या बांधून द्यायच्या, हे ते काम. दरबारच उरला नाही, आणि साहेब लोक टोप्या घालून कचेरीत जाऊ लागले. काका नया बाजारातल्या आमच्या घरी खिडकीशी नुसते बसून राहत. पाठ दुखते म्हणून घेतलेली अफूची गोळी हळूहळू रोजची झाली. हात थरथरू लागले. लोक त्यांना अफीमची म्हणत. मला त्या लोकांचा भयंकर राग येई, अजूनही येतो.

डॉक्टर मात्र भला माणूस. तो म्हणाला, "ही बीमारी आहे, बदमाशी नाही. मन उदास म्हणून गोळी, आणि गोळीमुळे आणखी उदास. एकदम बंद कराल तर हाल होतील. दर आठवड्याला थोडी थोडी कमी करा."

काकांचं मागणं एकच होतं. "चार महिन्यांनी मुलीचं लग्न आहे. जावयाची पगडी मीच बांधणार. तेवढे माझे हात ठीक करून द्या."

अफूची डबी आईच्या ताब्यात आली. दर आठवड्याला ती गोळीतून जरा जास्त कापी, कापलेले तुकडे डबीत ठेवी आणि उरलेली गोळी काकांना देई. काकांना सारख्या जांभया येत, नाक गळे, पाय ठणकत. मला बघवेना. मी तेरा वर्षांची, अक्कल बेताचीच. डबीतला एखादा तुकडा वहीच्या चौकटीच्या कागदात बांधून मी गुपचूप त्यांच्या हातावर ठेवी. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवीत. घरात दयाळू काय ती मी एकटीच, असं मला वाटे.

लग्नाच्या सकाळी काका मांडी घालून बसले. गुडघ्यावर चंदेरी कापड घेऊन त्यांनी पेचावर पेच चढवले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. पगडी झाली, टोकासकट, अगदी पहिल्यासारखी! मला नाचावंसं वाटलं.

मग स्वतःची जुनी दरबारी पगडी नीट करायला त्यांनी ती उलगडली, तर पटापट पुड्या खाली पडल्या. चौकटीच्या कागदातल्या माझ्या. पूजेच्या लाल दोऱ्याने बांधलेल्या कुणाच्या? काकूचा चेहरा पडला.

"अगं, तू पण?" ती मला म्हणाली.

आईने कपाळावर हात मारला. "आणि मी आपली उंदरांना शिव्या देतेय!"

सगळं घर हसत सुटलं. काकाही हसले. "पहिल्या तीन खाल्ल्या, झूठ कशाला बोलू? मग समजलं, असं चाललं तर पगडी काही होत नाही."

"मग घेत का होता?" मी रागावून विचारलं.

"तुम्ही दोघी देताना इतक्या खूश असायच्या. ना कसं म्हणू?"

मला हसूही येत होतं आणि रडूही. काकांनी पुड्या गोळा करून आईला दिल्या. "वहिनी, या फेकून द्या. पण माझी आजची गोळी द्या, ती अजून सुटलेली नाही."

आईने मुगाच्या दाण्याएवढी गोळी काढली. काकांनी हात पुढे केला, आणि तो जरासुद्धा हलत नव्हता.