आखाजीआधीचे बिबडे

कचेरीत माझ्या टेबलावरचा कागद कधी शिळा झाला नाही. साहेब नव्या माणसांना माझं उदाहरण द्यायचे. टंकलेखन वेळेवर कसं करावं ते या बाईंकडून शिका म्हणायचे. तीच बाई घरी आली की तिला काय व्हायचं, देव जाणे. कूलरच्या जाळीतलं गवत दोन उन्हाळे बदललेलं नव्हतं. गव्हाची दोन पोती ओसरीत उभी होती आणि घरातली माणसं त्यांना वळसा घालून ये-जा करत होती. गादीचं उसवलेलं टोक मी रोज बघायचे आणि रोज म्हणायचे, उद्या टाका घालू. मग माझा मलाच इतका संताप यायचा की त्या संतापात तासभर बसून राहायचे, आणि गादी होती तशीच राहायची.

सासूबाई होत्या तोवर हे सगळं झाकून गेलं. त्या पिंपळनेरकडच्या. जळगावात चाळीस वर्षं काढली तरी बोलणं तिकडचंच, अहिराणी राहिलं. "तुनं बठ्ठं काम उद्याच शे वं," तुझं सगळं काम उद्यावरच, असं म्हणायच्या आणि माझं काम स्वतः करून मोकळ्या व्हायच्या. मला वाईट वाटायचं. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. एके वर्षी दिवाळीच्या तोंडावर चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

आमच्याकडे होळी झाली की गच्च्या बायकांच्या ताब्यात जातात. शेवया, कुरडया, पापड, आणि सगळ्यांत जिकिरीचे ज्वारीचे बिबडे. ज्वारी कांडून तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी धुऊन, सुकवून गिरणीतून जाडसर दळून आणायची. पाचव्या दिवशी पहाटे तिखट, मीठ, लसूण घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. तो गरम असतानाच गच्चीवर ओल्या धोतरावर, पाण्याचा हात लावत, गोल थापत जायचं. हे एकटीचं काम नव्हे, म्हणून गल्लीतल्या बायका पाळीपाळीने एकमेकींकडे जातात. पण जातात त्या थापायला. घाटा ज्या घरचा, त्या घरच्या बाईनेच शिजवायचा. दुसरीने त्यात लाकडी दांडा घालायचा नाही आणि मिठाबद्दल तोंड उघडायचं नाही. कितीही सख्य असलं तरी ही मर्यादा कुणी मोडत नसे.

आमच्या घरचा घाटा सासूबाईंचा. त्यांची लेक, म्हणजे माझी नणंद, धुळ्याला दिलेली. आखाजीला, अक्षय तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी येतात तशी तीही यायची. येताना रिकामा पत्र्याचा डबा आणायची आणि जाताना तो बिबड्यांनी गच्च भरून न्यायची. तिच्या लग्नापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं.

सासूबाईंच्या तेराव्याला आलेली एक बाई नणंदेला तोंडावर म्हणाली, "आई गेली, आता तुझं माहेर सरलं." नणंद खाली मान घालून बसली. माझं डोकं फिरलं. मी भरल्या घरात म्हणाले, "ताई, आखाजीला यायचं म्हणजे यायचंच. डबा मी भरते." फाल्गुनात तसं पोस्टकार्डही टाकलं. कागदावरचं काम चोख करण्यात मी कुणाला हार जाणार नव्हतेच.

आणि मग मी काहीच केलं नाही. मार्चअखेर होता, कचेरीत कामाचा डोंगर होता, हे कारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरलं. या काळात मी गल्लीतल्या पाच घरी पहाटे जाऊन बिबडे थापून आले. दुसऱ्याच्या गच्चीवर माझा हात असा चालायचा की बघत राहावं. शेजारच्या अक्का रोज विचारायच्या, "तुमना कधी?" मी रोज सांगायचे, या आठवड्यात. नवरा म्हणाला, "एवढं काय, बाजारातून आणून भरू डबा." मी त्याच्यावर अशी काही धावले की त्याने आखाजीपर्यंत बिबड्यांचं नाव काढलं नाही. त्याची बहीण पहिल्या घासाला ओळखेल, एवढीही अक्कल नसावी माणसाला?

शेवटी मी स्वतःलाच कोंडीत पकडायचं ठरवलं. एका रविवारी ज्वारी कांडून घेतली आणि भिजत घातली. म्हटलं, आता कशी टाळशील? भिजलेली ज्वारी थोडीच थांबते! पण मीही मीच. चौथ्या दिवशी वीज गेली, गिरणी बंद. पाचव्या दिवशी वीज आली, पण कचेरीतून यायला उशीर झाला. सहाव्या दिवशी काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही, कारण काहीच झालं नव्हतं. पाणी बदलायचंही मी सोडून दिलं. पातेल्यावरचं झाकण बघितलं की मी दुसऱ्या खोलीत जायचे. आठव्या दिवशी अक्का नाकाला पदर लावून दारात आल्या. "हाई काय वास शे वं? उंदीर मरना का घरमा?" मी झाकण काढलं. अक्का दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "याले म्हैस बी तोंड नही लावस."

त्या ज्वारीला खड्डा करून पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नणंद आली. आखाजीला दोन दिवस होते. धुळ्याच्या एसटीतून उन्हात आलेली, चेहरा लाल झालेला. हातपाय धुतले, पाणी प्यायली आणि पिशवीतून डबा काढून ओट्यावर ठेवला. तिने काहीतरी बोलावं म्हणून मी कासावीस झाले होते.

"ताई, बिबडे झाले नाहीत," मी म्हणाले. मग कारणं सांगू लागले. मार्चअखेर, वीज, गिरणी. सांगता सांगता माझीच मला इतकी शिसारी आली की मी थांबले आणि खरं ते सांगून टाकलं. "मला घाटा येत नाही. आई दरवर्षी हाक मारायच्या, ये, पाही ले, शिकी ले म्हणून. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी."

मला वाटलं आता ती रडेल. पण ती भडकली. "तुम्ही रोज तिच्याजवळ होतात! बारा वर्षं! एवढंसुद्धा जमलं नाही?"

मीही काही कमी नव्हते. "तुम्ही तर पोटच्या लेक होतात. तुम्हीच शिकवा मला."

तिचा आवाज एकदम खाली आला. "माले बी येस नही, वहिनी." तिच्या आईने तिलाही दर आखाजीला सांगितलं होतं, आठ दिवस आधी ये, घाटा शिकून घे. कधी पोरांच्या परीक्षा, कधी घरात पाहुणे. तीही म्हणायची, पुढल्या वर्षी. "मला वाटलं तुम्ही तरी शिकल्या असाल. म्हणून मी निर्धास्त होते."

नवरा नेमका तेव्हा चहा मागायला आत आला. आम्ही दोघी मिळून त्याच्यावर ओरडलो. बिचाऱ्याला कशासाठी ते कळलंही नाही.

तो निघून गेल्यावर नणंद म्हणाली, "ज्वारी आहे का घरात?" होती. दुपारचे दोन वाजलेले, बाहेर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. मी सवयीने म्हणणार होते, ऊन उतरलं की बघू. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून सूप आणलं. आम्ही त्याच घटकेला ज्वारी निवडायला बसलो. संध्याकाळी ती कांडून भिजत पडली होती. मग तिने कोपऱ्यावरच्या बूथवरून धुळ्याला फोन लावला आणि आठ दिवस राहते म्हणून कळवलं. पलीकडून का म्हणून विचारलं असावं. ती म्हणाली, "ज्वारी भिजत घातलीय." पुढचा प्रश्न आला नाही. खानदेशात एवढं कारण पुरतं.

मधे आखाजी झाली. नवऱ्याने आईच्या नावाची घागर पुजली, पुरणपोळी-आमरसाचं पान वाढलं. आम्ही दोघी जेवता जेवता उठून ज्वारीचं पाणी बदलून आलो.

पाचव्या दिवशी पहाटे पाचही घरच्या बायका गच्चीवर हजर झाल्या. खाली चुलीपाशी आम्ही दोघी, एका दांड्याला चार हात. किती पाणी, किती तिखट, सगळा अंदाज. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांना सांगता येत नव्हतं आणि बघवतही नव्हतं, म्हणून त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं होतं. मी मिठाचा हात दुसऱ्यांदा उचलला तर त्या खोकल्या. मी हात मागे घेतला. जरा वेळाने पातेलं उतरवायला निघालो तर पुन्हा खोकल्या. आम्ही पुन्हा ढवळत बसलो. एवढी खोकणारी बाई मी आजवर बघितली नाही.

बिबडे जाड झाले. काहींना भोकं पडली, काही धोतरावरून निघता निघेनात, मागून पाणी शिंपडून एकेक सोडवावा लागला. तीन दिवसांच्या उन्हाने कडकडीत वाळल्यावर नणंदेने एक निखाऱ्यावर भाजला, अर्धा मला दिला. सावकाश चावला. "चांगला झालाय," म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले. "पन मायना नही शेतस."

आईचे नव्हतेच ते. मला राग आला, तिचा नाही, माझाच. दोघी तिथेच बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी मी तिला बसवून द्यायला स्टँडवर गेले. डबा मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली आणि बस हलता हलता म्हणाली, "पुढच्या वर्षी मी आठ दिवस आधी येते. तोवर ज्वारी भिजत घालू नका." काम थांबवून ठेव म्हणून सांगणारी मला भेटलेली ही पहिलीच बाई.

घरी आले ती चपला न काढता सरळ स्वयंपाकघरात गेले. कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागे लिहून काढलं, ज्वारी किती, पाणी किती, मीठ किती, कितव्या खोकल्याला पातेलं उतरवलं. उद्यावर टाकलं असतं तर विसरले असते. लसणापाशी हात थांबला. आम्ही अंदाजाने दोन गड्डे घातले होते. सासूबाई किती घालायच्या, ते विचारायचं राहून गेलं होतं.