नवस दानायचा, आला दुसराच

बुआलायला आमच्या नोंगसिम गावात आणि आसपासच्या चार गावांत सगळे ओळखतात ते एका सिनेमामुळे. त्या सिनेमात ती नाही. तिने तो पूर्ण पाहिलेलाही नाही, कारण अर्ध्यात तिनेच तो बंद पाडला. तरी 'डोंगरवाटेचा वाघ, भाग दोन' हे नाव कोणी तिच्यासमोर काढलं की ती हातातलं काम बाजूला ठेवते, आणि मग ऐकणाऱ्याची धडगत नसते. मी तिची शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक चिंचेचं झाड आहे, बाकी काही नाही. त्यामुळे तिच्या शिव्या मला तोंडपाठ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मला पटतात. खेड्यातल्या माणसांना काहीही दाखवलं तरी चालतं, असं समजून ज्यांनी तो सिनेमा काढला, त्यांची तोंडं एकदा तरी बघायची माझीही इच्छा आहे.

बुआलाय रेशमाचे किडे पाळायची. तुतीचा पाला आणायचा, बारीक चिरायचा, किड्यांना घालायचा, हे तिचं दिवसभर चालायचं आणि सोबत तोंडही चालायचं. म्हशीला बोलायची, भिक्खूंनाही बोलायची. नवरा बँकॉकला बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला. त्यालाही ती बोलायची, पण तो ऐकायला नव्हता. घरात एकच मुलगा, थवीन. तो मात्र इतका मुका की आईने शंभर वाक्यं टाकली तर हा 'हं' म्हणणार. लोक म्हणायचे, आईनेच सगळं बोलून टाकलंय, पोराला शिल्लक काही ठेवलं नाही.

'डोंगरवाटेचा वाघ'चा पहिला भाग आमच्याकडे सुबान घेऊन आला होता. सुबान म्हणजे फिरता सिनेमावाला. त्याच्या ट्रकवर पडदा, मशीन, भोंगे सगळं असायचं, आणि सिनेमातले सगळे आवाज तो माइकपुढे बसून स्वतः काढायचा. हिरोचा, खलनायकाचा, हिरोच्या आईचा, कुत्र्याचासुद्धा. त्या सिनेमातला हिरो होता दानाय. काळा, नाक बसकं, हातापायांनी आमच्याच शेतातून उठून गेल्यासारखा. गोळीबार करून झाला की तो खाली बसायचा, टोपलीतून चिकट भाताचा गोळा काढायचा, बोटांनी मळून चटणीत बुडवून खायचा. आम्ही जसा खातो तसा. तोवर पडद्यावर असं कोणी खाल्लं नव्हतं. माझा सासरा, जो कशालाच बरं म्हणायचा नाही, तो म्हणाला, "हा आपला आहे."

तो सिनेमा गावाबाहेरच्या राईत, पू-ताच्या देवळीसमोर दाखवला होता. पू-ता म्हणजे आमचं गाव वसवणारा आजोबा, आता राखणदार. त्याला विचारल्याशिवाय आम्ही राईतली काडी उचलत नाही. कोणाचा तरी नवस होता म्हणून सिनेमा लावला, आणि त्या वर्षी भात असं पिकलं की सगळ्यांनी ठरवून टाकलं, आजोबांना दानाय आवडला.

म्हणून आमच्या बौद्ध सनाच्या 2523 साली, थवीन एकवीस वर्षांचा झाला आणि फौजेच्या सोडतीत त्याचं नाव आलं, तेव्हा बुआलायला नवस शोधावा लागला नाही. सोडतीत भांड्यात हात घालून चिठ्ठी काढायची असते. लाल निघाली तर पोरगा फौजेत, काळी निघाली तर घरी. सरहद्दीवर तेव्हा धड काही चाललं नव्हतं, आणि बुआलायचा धाकटा भाऊ तिथून एक पाय घालवून आलेला. ती राईत गेली, मलाही ओढून नेलं. उदबत्त्या लावल्या, गुडघे टेकले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आजोबा, माझ्या थवीनला काळी चिठ्ठी येऊ दे. त्याला माझ्यापासून लांब जाऊ देऊ नको. मी तुला दानाय दाखवीन. नवाकोरा, भाग दोन."

इथेच ती फसली. आजोबांपाशी जे नाव घेऊन बोलाल तेच द्यावं लागतं. कोंबडी कबूल केली आणि बदक दिलं तर चालत नाही, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. नुसतं 'सिनेमा दाखवीन' म्हणाली असती तर कुठलाही दाखवून मोकळी झाली असती. पण हिरो काय, वर्षानुवर्षं तोच असतो. तो बदलेल हे कोणाच्या डोक्यात येणार?

थवीनला काळी चिठ्ठी आली. बुआलाय तालुक्याच्या शाळेच्या आवारातच रडली, ओरडली, मला मिठी मारली. थवीन तपासणीसाठी काढलेला शर्ट घालत बाजूला उभा होता. मी म्हटलं, "सुटलास रे बाबा." तो म्हणाला, "हं."

भाग दोन आला तेव्हा सुबानने गावात भिंतीभिंतीवर चित्रं लावली. घोड्यावर हिरो, दोन्ही हातांत पिस्तुलं, आणि टोपी नाकापर्यंत ओढलेली. तोंड दिसत नव्हतं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. टोपीखाली दानायच असणार. आता विचार केला की माझं डोकं तापतं. ज्या माणसाने ती टोपी रंगवली त्याला सांगितलेलं असणार ना कोणीतरी, की बाबा रे, तोंड झाक?

अंधार पडता पडता राईत सगळं गाव जमलं. पडद्यासमोर सगळ्यांच्या पुढे आजोबांची चटई, तिच्यावर भाताची दारू आणि उकडलेली कोंबडी. त्यांच्या मागे बुआलाय, नवं लुगडं नेसून, शेजारी थवीनला बसवून. मी कडेला शेगडी मांडून कोंबडी भाजत होते.

सिनेमा सुरू झाला. हिरो पाठमोरा घोडा फेकत जातो, गोळ्या लागतात, कड्यावरून खाली पडतो. मग दवाखाना, आणि तोंडाला पांढऱ्या पट्ट्या. डॉक्टर एकेक पट्टी सोडतो. शेवटची पट्टी सुटली आणि आतून निघाला एक गोरापान, नाकेला, तेल लावून भांग पाडलेला बँकॉकचा पोरगा. सिनेमातली आई त्याच्या गळ्यात पडली, "माझ्या लेका" म्हणून रडली. सुबानने तिचं रडणं काढलं आणि मग त्या पोराच्या तोंडात दानायचाच जाड आवाज घातला.

पहिल्यांदा लोक हसले. वाटलं, गंमत आहे, आत्ता खरा येईल. तो येईना. गोरा पोरगा पिस्तूल असं धरायचा जसं कोणी त्याला ओला मासा दिलाय. तरी लोक बसले होते. मग तो जेवायला बसला. समोर चिकट भाताची टोपली. त्याने ती उघडली, चमचा घेतला, आणि चिकट भात चमच्याने खाल्ला.

माझा सासरा उठून उभा राहिला. "चमच्यानं?" तो म्हणाला. "चमच्यानं खातोय हा?" आणि त्याने पायातली चप्पल काढून पडद्यावर मारली. मग चपलांचा पाऊसच पडला. मीसुद्धा एक हाडूक फेकलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तोवर बुआलाय मशीनपाशी पोचली होती. तिने झोताच्या पुढे उभं राहून दोन्ही हात पसरले. पडद्यावर हिरोच्या जागी तिची सावली पडली. "बंद कर," ती म्हणाली.

सुबानने माइक खाली ठेवला. "मावशी, जरा पुढे बघा तरी. मारामाऱ्या चांगल्या आहेत."

"दानाय कुठाय?"

"दानायचं आणि कंपनीचं बिनसलं. त्यांनी दुसरा घेतला. मालकाचा भाचा आहे म्हणतात."

"आणि हे तुला कधी कळलं?"

सुबान रिळाच्या डब्याचं झाकण लावायला लागला.

"कधी कळलं म्हणते मी. चित्रं चिकटवायच्या आधी की नंतर?"

"आधी," तो म्हणाला. "पण मावशी, मी आवाज तोच ठेवलाय ना. डोळे मिटून ऐकलं तर दानायच आहे."

"मग आजोबांना सांग डोळे मिटायला! जा, सांग! मी त्यांना दानाय कबूल केलाय, तुझं नरडं नाही."

पुजारी बुनमी तोवर चटईवरच्या कोंबडीकडे सरकला होता. आजोबा खूश आहेत की नाहीत हे आम्ही कोंबडीच्या जबड्याच्या हाडावरून बघतो. सरळ निघालं तर नवस फिटला, वाकडं निघालं तर नाही. बुनमीने हाड काढलं, कंदिलापुढे धरलं. वाकडं होतं. "दानाय सांगितला होता," तो मान हलवत म्हणाला. "हा दानाय नाही. नवस फिटला नाही." आणि बाकीची कोंबडी त्याने खायला घेतली. त्याचाही मला राग आहे.

मग एकच गलका झाला. कोणी म्हणे सुबानने दुसरा सिनेमा आणावा, कोणी म्हणे कंपनीला पत्र लिहा, कोणी म्हणे आता आजोबा दिलेलं परत घेतील, काळजी घ्या. हे शेवटचं ऐकून बुआलायचा चेहरा उतरला. तिने वळून थवीनचा हात धरला.

थवीनने हात सोडवून घेतला. "मला कोणी विचारलं होतं?" तो म्हणाला.

तो मोठ्याने बोलला नव्हता. पण आम्ही त्याचं वाक्यच कधी ऐकलं नव्हतं, म्हणून सगळे थांबले.

"काय विचारायचं?" बुआलाय म्हणाली.

"मला लाल हवी होती. भांड्यात हात घातला तेव्हा मी लाल मागत होतो. तू मला न विचारता नवस केलास, आणि आता सगळं गाव त्या हिरोवरून भांडतंय. मी इथं बसलोय, आई. माझ्यावरून कोणी भांडत नाही."

"तुझ्यासाठीच तर केलं मी."

"माझ्यासाठी नाही. तुला कोणीतरी घरात हवं होतं." आणि मग, जसं काही बाजारातून मीठ आणायला निघालाय अशा आवाजात, "नवस फिटला नाही ना? बरं झालं. मग मी मोकळा."

त्याच आठवड्यात तो गेला. सरहद्दीवर सरकारचीच काळ्या कपड्यांतली जादा फौज तेव्हा आमच्या भागातली पोरं भरती करून घेत होती, चिठ्ठी बघत नव्हती. बस सुटेपर्यंत बुआलाय खिडकीखाली उभी होती. मला वाटलं ती रडेल, त्याला शिव्या देईल, निदान एक थप्पड मारेल. तिने चिकट भाताची टोपली आत दिली आणि म्हणाली, "त्या कंपनीचं वाटोळं होईल. बघ तू. ती दानायला घेऊन आली असती तर आजोबांनी तुला सोडलं नसतं."

तेव्हापासून तिचं हेच सुरू झालं. तिने सुबानला दमात घेऊन पहिला भाग पुन्हा राईत लावायला लावला. बुनमी म्हणाला, हा जुना, तू नवाकोरा कबूल केला होतास. दानायने तर सिनेमाच सोडला होता, कुठे तरी मासे पाळतो म्हणायचे. नवा दानाय आता आकाशातून पडायचा नव्हता. भाग तीन निघालाच नाही, यातच काय ते आलं. तो गोरा पोरगा पुढे टीव्हीवर शाम्पूच्या जाहिरातीत दिसायला लागला, आणि तो दिसला की बुआलाय दुकानात शिरून टीव्हीच बंद करायची. दुकानदार ओरडायचा. ती म्हणायची, "ह्यानं माझं घर मोडलं, आणि तू त्याला केस धुताना बघतोस?"

थवीन सरहद्दीवरून धडधाकट बाहेर पडला. पण गावात आला नाही. तिकडूनच रायोंगला कारखान्यात लागला, तिथलीच बायको केली, मुलगी झाली. दर सोंगक्रानला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाला, तो येतो, आईच्या हातावर सुगंधी पाणी ओततो, तीन दिवस राहतो आणि तांदळाचं पोतं घेऊन जातो. या तीन दिवसांत बुआलाय त्याला एक वाकडा शब्द बोलत नाही. जी बाई म्हशीला सोडत नाही, ती त्याच्यापुढे ताट ठेवते आणि गप्प बसते.

परवाच्या सोंगक्रानला तो गेला, बसची धूळ अजून बसली नव्हती, आणि ही माझ्या ओट्यावर येऊन सुरू झाली. कंपनी, टोपी, चमचा, मालकाचा भाचा. माझं टाळकं सटकलं. किती वर्षं ऐकायचं माणसानं?

"बस झालं बुआलाय," मी म्हटलं. "कंपनी लबाड होती, मान्य. मीही पडद्यावर हाडूक फेकलंय. पण पोरगा हिरो बदलला म्हणून गेला नाही. तो तुला सोडून गेला. सगळ्या गावादेखत सांगून गेला. त्याच्यावर राग काढ एकदा, आणि आम्हाला सोड."

मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या उपटणार. तिने पदराने तोंड पुसलं.

"मला काय कळत नाही?" ती म्हणाली. "त्या दिवशीच कळलं होतं. पण त्याच्यावर रागावले, आणि तो यायचाच बंद झाला तर? बापासारखा? कंपनी काय सोंगक्रानला माझ्या घरी जेवायला येत नाही. तो येतो."

मग ती उठली आणि किड्यांना पाला घालायला गेली. जाताना त्या गोऱ्या पोराला आणखी एक शिवी दिली. या वेळी मीही दिली, तिच्यापेक्षा मोठ्याने.