विटांच्या हौदातली संत्री

सौदा केलेला व्यापारी अर्धा माल उचलून गेला, तो परत फिरकलाच नाही. फोन केला की 'उद्या येतो'. इकडे आमच्या नेरजवळच्या शेतात तोडलेली संत्री कडुनिंबाखाली ढीग घालून पडलेली. नवरा नोकरीसाठी बाहेरगावी, शेतात मी आणि सासरे. एका सकाळी ढिगात हात घातला तर खालची फळं गरम लागली आणि आंबूस वास हाताला चिकटला.

"मामाजी, असं ठेवून नाही चालणार," मी सासऱ्यांना म्हटलं.

"दरसाल असंच ठेवतो आपण. काही जातीन, काही राहतीन."

ते 'काही जातीन' मला मान्य नव्हतं. यवतमाळला शेतीच्या प्रशिक्षणात मी विटांचा थंड हौद पाहिला होता. दुहेरी भिंत, मधल्या फटीत वाळू, वाळूवर पाणी. पाणी सुकत जातं तसा आत गारवा राहतो, वीज लागत नाही. न्हाणीघराच्या उरलेल्या विटा मी विहिरीजवळ वाहून आणल्या.

सासरे म्हणाले, "कायले हात सोलून घेतं बाई? संत्री का म्हशी हायेत, त्याईले हौदात बसवाले?"

भिंत वाकडी झाली, पण उभी राहिली. वर तुराट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा मांडव घातला. चांगली फळं निवडून क्रेटमध्ये भरली, ओल्या बारदानानं झाकली. काही दिवसांनी बारदान उचललं तर फळांवर हिरवी बुरशी. बारदानाचं पाणी आत ठिबकत राहिलं होतं. सासऱ्यांनी आत डोकावून पाहिलं.

"आता?"

"आता पुन्हा."

सगळी फळं बाहेर काढली. डागी फेकली, बाकीची पुसून सावलीत सुकवली. क्रेट विटांवर उचलून ठेवले, बारदान घट्ट पिळून घेतलं, पाणी फक्त वाळूला. झाडांवर उरलेली फळं, देठाशी साल फाटून सडू नयेत म्हणून, ओढून न तोडता कातरीनं, देठ राखून काढायची म्हटलं, तर सासरे उखडलेच.

"साऱ्या जन्मात संत्र्याले कातर नाही लावली मी!"

दुसऱ्या दिवशी मी बागेत पोचले तेव्हा ते माझ्याआधी कातर घेऊन झाडाखाली उभे होते.

रोज एकेक क्रेट चाळायचं, मऊ पडलेलं फळ दिसलं की बाजूला. उन्हं तापली, आसपासच्या बागा रिकाम्या झाल्या, तेव्हा तो व्यापारी उगवला. हौदात वाकून बघत म्हणाला, "काका, माल तर ताजा ठेवला तुम्ही!"

"मले कायले सांगता? हिले विचारा," सासरे म्हणाले. "माल हिचा हाय."

मी त्याला दिला नाही. ऑटोत क्रेट घालून नेरच्या बाजारात स्वतः बसले. साली थोड्या सैल झाल्या होत्या, पण फोड तोंडात टाकली की गिऱ्हाईक पिशवी पुढे करायचं. दुपारपर्यंत क्रेट रिकामे झाले. घरी आले तर सासरे विहिरीजवळ दुसऱ्या हौदासाठी दोरी लावून जागा आखत होते.