बसल्या मापाचे कपडे

मास्तरांनी चौतीस वर्षं गिऱ्हाइकांना उभं करून मापं घेतली. "ताठ राहा, श्वास सोडा," यापलीकडे ते फारसं बोलत नसत. घडी आली आणि चौतीस वर्षांची ही शिस्त चार दिवसांत मोडीत निघाली.

घडी म्हणजे प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेली तपकिरी कुत्री. दुकानात पाऊल टाकताच ती कापड बेतायच्या टेबलाखाली शिरली आणि अशी काही दुमडून बसली की मास्तरांना दुसरं नाव सुचलंच नाही. बसलेला माणूस तिला चालायचा. तोच उभा राहिला की तिला कापरं भरायचं.

निवाऱ्याच्या बाईंनी बजावलं होतं, "दोन घरांनी परत केलीय हिला. चाळिसाव्या दिवशी मी येईन. तिला मीही परकीच. परक्या माणसाजवळ आपणहून आली नाही, तर घेऊन जाईन. तिसऱ्यांदा परत आलेलं जनावर आम्ही कुणाला देत नाही. मागच्या पिंजऱ्यात राहतं, कायमचं."

त्या 'कायमचं'नं मास्तरांची झोप उडवली. त्यांनी शिलाई मशीन जमिनीवर मांडलं आणि दारावर पाटी लावली : कृपया रांगत या.

"अहो, लोक कपडे शिवायला येतात, पाळणाघरात नाही," बायको म्हणाली. म्हणाली तीही रांगतच, चहाचा कप पुढे सरकवत.

लोक कुरकुरले, पण रांगले. बँकेचे कॅशियर तर माप देऊन झाल्यावरही अर्धा तास लोळत पडले. मापं अर्थातच बसून घेतली जात. मापांच्या वहीत आता आणखी एक नोंद रोज होऊ लागली : 'घडी. टेबलाबाहेर नाक, दीड इंच.' दुसऱ्या दिवशी पावणेदोन. एकदा कुणीतरी शिंकलं आणि पुन्हा शून्य.

विसाव्या दिवशी शाळेचे मुख्याध्यापक तावातावानं आले. पण रांगत आलेल्या माणसाला नीट भांडता येत नाही.

"मास्तर, बसलो की कपडे झकास. उभा राहिलो की पँट खाली उतरते, शर्ट वर चढतो. दोघांची गाठच पडत नाही."

"मग बक्षीस समारंभात भाषण?"

"खुर्चीत बसून केलं. आजारी समजून दोघं जण फळं घेऊन घरी आले."

मास्तरांनी जीभ चावली. बसलं की कंबर वाढते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. घडीच्या नादात ध्यानातच आलं नव्हतं.

"आता तरी उभं करा माणसांना," बायको म्हणाली.

"तिचं नाक चार इंचांवर आलंय गं."

"आणि गावाच्या पँटी कुठवर आल्यात, तेही लिहा वहीत."

मास्तरांनी अकरा पँटी उसवल्या आणि अंदाजानं कमरेत घेतल्या. उभं मात्र कुणालाच केलं नाही.

चाळिसाव्या दिवशी घडी मानेपर्यंत बाहेर येत होती. सकाळी अकराला निवाऱ्याच्या बाई आल्या, पाटी वाचली आणि चालत आत शिरल्या. घडी एका क्षणात नाकासकट आत.

"बाई, बसा ना खाली," मास्तर काकुळतीला आले.

"गुडघे वाकत नाहीत माझे. मी उभ्यानंच बघणार." त्यांनी घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं गेली. "राहू द्या मास्तर, तुम्ही खूप केलंत," म्हणत त्यांनी पिशवीतून पट्टा काढला.

बायकोनं कोटाच्या कापडाचा अख्खा ताका जमिनीवर उलगडला. "बसता येत नसेल तर आडव्या व्हा. त्यात गुडघे तर वाकवायचे नाहीत ना?"

बाईंना दोघांनी धरून आडवं केलं. बराच वेळ त्या छताकडे बघत पडल्या. मग टेबलाखालून नाक आलं, मान आली, मागून उरलेली घडीही आली. तिनं बाईंचे गुडघे हुंगले आणि त्यांच्या पोटावर हनुवटी टेकून डोळे मिटले.

"आता मी उठू कशी?" बाई कुजबुजल्या.

"उठू नका," मास्तरही कुजबुजले.

बाईंनी पडल्यापडल्या फॉर्म मास्तरांच्या हाती दिला. "मी सांगते, तुम्ही लिहा. आपणहून आली : होय. परक्याजवळ किती वेळ थांबली..." त्यांनी घडीकडे पाहिलं. "ती जागा कोरी ठेवा."

दुपारी चारला निवाऱ्यातून फोन आला, बाई अजून परतल्या नाहीत म्हणून. बायकोनं फोन घेतला आणि हळू आवाजात सांगितलं, "तपासणी चालू आहे."